भुंडे लाडू

कुत्र्यांचे लाडू वळायला कुणी तासगावाहून जर्मनीला जातं का? अहिल्याबाई गेल्या होत्या. म्हणजे निघताना तसं काही ठरलं नव्हतं. तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या लेकाकडे गेल्या होत्या, गौरांगला चार दिवस आईच्या हातचं खायला मिळावं म्हणून. पण झिंडेलफिंगेनच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पोचल्यावर कळलं की लेक हल्ली दुपारचं जेवण कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उरकतो, संध्याकाळी त्याला वाटीभर सूप पुरतं, आणि झुणक्याच्या फोडणीचा वास म्हणे पडद्यांना लागतो. मग बाईमाणसानं करायचं काय? खिडकीत बसून समोरच्या झाडाची पानं गळताना बघायची. ती बघून झाली आणि एके सकाळी सुनेनं येऊन विचारलं, "आई, लाडू वळून द्याल का? कुत्र्यांचे आहेत." अहिल्याबाई आधी पोट धरून हसल्या आणि मग पदर खोचून उठल्या.

सुनेचं नाव स्वरूपा. श्टुटगार्टच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टिंगचं काम करायची. वसंतात कंपनीनं तिचा सगळा विभागच बंद केला आणि हातात क्युंडिगुंग ठेवलं, म्हणजे नारळ दिला. तिनं पुष्कळ ठिकाणी अर्ज केले. सगळीकडून गोड गोड उत्तरं आली आणि सगळ्यांच्या पोटात 'नाही' होतं. तेव्हा तिला मोरिट्झ आठवला.

मोरिट्झ हा खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेबेर्लेंचा कुत्रा. बुटका, लांबुडका, म्हातारा आणि भारी नखरेल. मागच्या खेपेला अहिल्याबाई आल्या होत्या तेव्हा तो डब्यातल्या खाण्याला नाक मुरडून बसला होता, आणि फ्राऊ हेबेर्ले जिन्यात डोळे पुसत उभ्या होत्या. अहिल्याबाईंना जर्मन येत नाही, पण उपाशी जनावर कळायला भाषा कशाला लागते? त्यांनी उकडलेलं रताळं कुस्करलं, त्यात भाजलेलं नाचणीचं पीठ आणि दाण्याचं कूट घालून दोन लाडू वळले आणि खाली नेऊन दिले. मोरिट्झनं लाडू खाल्ले, वाटी चाटली आणि वाटी ढकलत ढकलत अहिल्याबाईंच्या पायाशी आणून ठेवली. फ्राऊ हेबेर्लेंनी ही गोष्ट आपल्या फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींना सांगितली, आणि त्या सगळ्यांच्या कुत्र्यांना लाडू हवे झाले.

त्या आठवणीवर स्वरूपानं दुकान उभं केलं. दुकान म्हणजे इंटरनेटवरचं, त्याला ना शटर ना पाटी. पण जर्मनीत कुत्र्याच्या लाडवालाही सरकार लागतं. तिनं धंद्याची नोंदणी केली, फेटेरिनेरआम्टची, म्हणजे जनावरांच्या सरकारी खात्याची, बाई येऊन ओट्याखाली वाकून वाकून बघून गेली, लाडू तपासायला प्रयोगशाळेत गेले. नाव काय ठेवायचं यावर नवराबायकोत आठवडाभर खल झाला आणि शेवटी 'मोती' ठरलं. मोती हा अहिल्याबाईंचा कुत्रा, त्यांच्या लग्नाच्या वर्षी बेदाण्याच्या शेडवर आलेला. साइट उघडली की पहिल्यांदा त्याचाच फोटो दिसायचा. शेडपुढं मोती बसला आहे आणि शेजारी टोपी घातलेले वासुदेवराव, अहिल्याबाईंचे यजमान, कॅमेऱ्याकडे न बघता कुत्र्याकडे बघत उभे आहेत. वासुदेवरावांना जाऊन आता चार वर्षं झाली होती.

"ख्रिसमसपर्यंत बघते," स्वरूपा गौरांगला म्हणाली होती. "तोवर जमलं तर जमलं. नाहीतर मिळेल ती नोकरी धरते, मग ती गोडाउनमधली का असेना."

अहिल्याबाईंनी ते ऐकलं होतं. सून हे हसून म्हणाली तरी तिचा जीव त्या लाडवांत अडकलाय हे त्यांना दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचा स्वतःचाही अडकला होता. तासगावचा द्राक्षमळा भाडेपट्ट्यानं दिल्यापासून त्यांच्या हातांना काम असं राहिलंच नव्हतं. इथं मात्र रोज सकाळी डोक्याला जाळीची टोपी आणि हातात मोजे घालून त्या ओट्याशी उभ्या राहायच्या. "ऑपरेशनला निघाल्यासारखी दिसते मी," असं कुरकुरायच्या, पण टोपी घालायला कधी विसरायच्या नाहीत.

कुरकुर आणखीही होती. लाडवात गूळ नाही.

"गूळ नाही, तूप नाही, मीठ नाही. अगं मग हा लाडू कसला? गोळा म्हण गोळा."

"कुत्र्यांना साखर चालत नाही, आई. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही, चॉकलेट तर अजिबात नाही."

"लाडवात कांदा कोण घालतंय?" अहिल्याबाई म्हणाल्या आणि विषय तिथंच संपला. लाडवात आणखी काय काय घालतात हे सुनेच्या डोक्यात आलं नाही, आणि विचारायचं सासूच्या डोक्यात आलं नाही.

हात लाडू वळत, मन तासगावात असे. फेब्रुवारीत द्राक्षं उतरायची. शेडमध्ये जाळ्यांचे मजल्यावर मजले, त्यांवर हिरवे मणी पसरलेले, आणि पंधरवड्यात त्यांचा बेदाणा व्हायचा. त्या दिवसांत सगळ्या शिवारालाच गोड, आंबूस वास यायचा. धुतलेल्या लुगड्यालाही तो लागायचा आणि त्याची कुणी तक्रार करायचं नाही. निवडणीच्या बायका ओळीनं बसायच्या, काड्या काढत गाणी म्हणायच्या, मधूनच एखादा मणी तोंडात टाकायच्या. नवी नवरी म्हणून अहिल्याबाई त्यांच्यात बसल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं की सासर म्हणजे हेच असेल तर बरं आहे. आता त्या वासासाठी जीव तुटायचा. जर्मनीच्या हवेला वासच नाही अशी त्यांची पक्की समजूत होती.

मोतीची गोष्ट त्याच शेडवरची. ती त्यांनी चाळीस वर्षं सांगितली होती, बारशात, डोहाळजेवणात, लग्नाच्या पंगतीत. निवडणी चाललेली, मोती समोर येऊन बसलेला, म्हणून नव्या नवरीनं कौतुकानं मूठभर बेदाणा त्याच्यापुढं धरला. तेवढ्यात वासुदेवराव कुठून धावत आले देव जाणे. सगळ्या बायकांदेखत त्यांनी तिच्या हातावर फटका मारला, बेदाणा मातीत सांडला, आणि ओरडले, "मरेल तो! पुन्हा घालशील तर बघ!" इथं अहिल्याबाई थांबायच्या, कपाळाला हात लावायच्या आणि म्हणायच्या, "बघा! मूठभर बेदाण्यासाठी मरणाची भाषा! असला चिक्कू नवरा पदरात पडला." सगळे हसायचे. वासुदेवराव समोर असले तर तेही हसायचे. मुळात ते बोलायचेच कमी. स्वतःच्या ताटातली दूधभाकरी ते मोतीला घालायचे, पण सुगी आली की त्याला शेडपासून लांब, विहिरीवर नेऊन बांधायचे. चिक्कूपणाचा हा आणखी एक पुरावा अहिल्याबाई गोष्टीच्या शेवटी जोडायच्या. स्वरूपानंही लग्नानंतर ही गोष्ट ऐकली होती आणि पोटभर हसली होती.

साइट सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात मागण्या आल्या. फार नाहीत, डझनभर असतील, पण डार्मश्टाटहून एक आली, गार्चिंगहून एक आली, आणि स्वरूपा घरभर नाचली. शुक्रवारी सकाळी सगळे लाडू वळून झाले. ओव्हन तापत होता. खोक्यांवर लावायच्या चिकटपट्ट्या आणायला स्वरूपा बाजारात गेली, जाताना म्हणाली, "आई, फक्त भाजा आणि गार झाल्यावर भरा. बाकी मी आल्यावर बघते."

अहिल्याबाईंनी लाडू तबकात मांडले आणि जरा लांबून बघितले. त्यांना काही ते बरे वाटेनात. भुंडे दिसत होते. तासगावात त्यांच्या घरी भुंडा लाडू कधी पानात पडला नव्हता. बेसनाचा असो, रव्याचा असो, वळून झाला की अंगठ्यानं एक बेदाणा टोचायचा, मगच तो लाडू. सासूबाईंनी हे शिकवलं होतं, आणि बेदाणा पिकवणाऱ्याच्या घरात ते शोभतही होतं. इथं तर लाडू परक्यांच्या घरी जायचे होते, मोतीच्या नावानं, आणि पहिल्यांदाच. त्या खोलीत गेल्या. बॅगेच्या तळाशी पुरचुंडी होती, आपल्याच मळ्यातल्या बेदाण्याची, गौरांगसाठी आणलेली. गौरांगनं चार दाणे तोंडात टाकून ती परत केली होती.

एकेका लाडवावर एकेक बेदाणा बसला. ओव्हनमधून निघाले तेव्हा घरात त्यांना हवा होता तो वास दरवळला, आणि अहिल्याबाई ओट्याला टेकून क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. काय सुख वाटलं त्यांना! सून यायच्या आत त्यांनी पुठ्ठ्याची खोकी भरून, बंद करून ठेवली. एक खोकं घेऊन त्या स्वतः खाली गेल्या. ज्याच्यामुळं हे सगळं सुरू झालं, पहिला घास त्याचा. फ्राऊ हेबेर्लेंनी त्यांना मिठी मारली, मोरिट्झनं शेपटी हलवली. स्वरूपा आली, भरलेली खोकी बघून म्हणाली, "आई, तुम्ही म्हणजे ना!" आणि पट्ट्या चिकटवून धावत पोस्टात टाकून आली.

संध्याकाळी चहा घेताना अहिल्याबाईंना राहवलं नाही. "एक गंमत केलीय मी. प्रत्येक लाडवावर बेदाणा लावलाय, आपल्या मळ्यातला. लोक उघडतील तेव्हा बघ कसे खूश होतील."

स्वरूपाचा कप हातातच राहिला. "बेदाणा? कुत्र्यांच्या लाडवावर?"

"मग काय भुंडेच पाठवायचे?"

"आई, मोरिट्झला दिलेत?"

"दिले की. सकाळीच."

पुढचं अहिल्याबाईंना तुटक तुटक आठवायचं. स्वरूपा अनवाणी जिना उतरली. खालून फ्राऊ हेबेर्लेंचा आवाज आला, आधी हसरा आणि मग एकदम चिरका. त्या शालीत गुंडाळलेल्या मोरिट्झला छातीशी धरून बाहेर आल्या. तीन लाडू त्यानं खाल्ले होते. जिन्यात अहिल्याबाई हात जोडून उभ्या होत्या, पण फ्राऊ हेबेर्लेंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीची किल्ली घ्यायला स्वरूपा वर धावत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"एकदा विचारायचं तरी, आई!" एवढंच ती म्हणाली आणि गेली.

गौरांग कामावरून आला तेव्हा आई अंधारात बसली होती. त्यानं दिवा लावला, पाणी दिलं आणि शेजारी बसला. "आई, बेदाणा कुत्र्याला विष असतो. द्राक्षंसुद्धा. किडन्या जातात. एखाद्याला काहीच होत नाही, एखादा थोड्याशानंही जातो."

"काहीतरीच काय? आपला बेदाणा? बाळंतिणीला देतात तो."

"बाळंतिणीला चालतो गं. कुत्र्याला नाही. इथं कुत्रा पाळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं."

अहिल्याबाईंनी नजर वळवली. समोर गौरांगचा लॅपटॉप उघडा होता. साइटवर मोती बसला होता आणि वासुदेवराव कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होते. 'मरेल तो!' शेडमधली ती हाक त्यांना इतकी स्पष्ट ऐकू आली की त्यांनी मागं वळून बघितलं. चिडलेल्या माणसाचा आवाज म्हणून तो त्यांनी चाळीस वर्षं जपला होता, नक्कल करून करून लोकांना ऐकवला होता. तो आवाज चिडलेला नव्हता. घाबरलेला होता. ते धावत आले होते ते बेदाण्यासाठी नव्हे. कुठून कळलं होतं त्यांना? कुणाच्या शेडवरचा कुत्रा गेलेला बघितला होता? आता विचारायचं कुणाला! त्यांना रडू कोसळलं, आणि गौरांगला वाटलं की आई मोरिट्झसाठी रडते आहे. मोरिट्झसाठीही होतंच ते.

स्वरूपा परतली ती पांढरीफटक पडून. मोरिट्झला ओकाऱ्या काढायला लावल्या होत्या, सलाइन लावलं होतं, दोनतीन दिवस रक्त तपासत राहायचं होतं. वाचेल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. तिनं टेबलाशी बसून लॅपटॉप ओढला.

"सगळ्यांना कळवायचंय. पार्सलं उद्यापासून पोचतील."

"मग 'पॅकिंगमध्ये दोष' असं लिहूया का?" गौरांग म्हणाला. "म्हणजे खाऊ घालू नका एवढं कळलं की झालं. फेटेरिनेरआम्टला कळवायलाच हवं असंही नाही."

"कळवणार. आणि बेदाणे आहेत असंच लिहिणार. मेल बघायच्या आधीच एखाद्यानं खोकं उघडून खायला घातलं तर त्यानं कुत्र्याला दवाखान्यात न्यायला नको?"

"माझं नाव लिही," अहिल्याबाई म्हणाल्या. "सासूनं केलं, म्हाताऱ्या बाईला कळत नव्हतं, असं लिही. तुझं दुकान तरी वाचेल."

स्वरूपानं मान वर केली. अजून ती रागावलेलीच होती, ते लपवतही नव्हती. "दुकान माझं आहे, आई. म्हणजे चूकही दुकानाचीच." आणि ती लिहायला लागली. मेल गेल्या, मग एकेकाला फोन लागले. दोन गिऱ्हाइकं फोनवर नको नको ते बोलली, एकानं पुन्हा तोंड दाखवू नका म्हणून सुनावलं. बाकीच्यांनी खोकी आल्यावर न उघडता टाकून दिली. डार्मश्टाटच्या बाईनं मात्र उत्तर पाठवलं, की इतकं सरळ कुणी कळवत नाही, पुन्हा कराल तेव्हा सांगा.

सोमवारी फेटेरिनेरआम्टची बाई आली, सगळं लिहून घेऊन गेली. पुढची तपासणी होईपर्यंत विक्री बंद. ख्रिसमस समोर दिसत होता. स्वरूपानं नोकऱ्यांची पानं पुन्हा उघडली, आणि अहिल्याबाईंची जाळीची टोपी खुंटीवर लटकत राहिली. ओट्याकडे जायची त्यांना भीती वाटायची. घरी परत जावं, तिकीट अलीकडचं करून घ्यावं, असं दिवसातून चारदा त्यांच्या मनात यायचं.

मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात फ्राऊ हेबेर्ले, आणि काखेत मोरिट्झ. तो वाळला होता, सलाइनसाठी त्याचा एक पाय भादरला होता, पण डोळे उघडे होते आणि नाक चाललं होतं. अहिल्याबाई भिंतीआड सरकल्या. फ्राऊ हेबेर्ले बराच वेळ बोलल्या, स्वरूपा हो हो म्हणत ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा विचित्र झाला.

"आई, बाहेर या. किडन्या ठीक आहेत म्हणतात. आणि विचारतायत, बेदाणे नसलेले लाडू मिळतील का. दवाखान्याच्या खाण्याला हा तोंड लावत नाहीये."

अहिल्याबाईंचा जीव भांड्यात पडला, तो इतक्या जोरात की त्या आधी रडल्या आणि मग हसल्या. फ्राऊ हेबेर्लेंनी त्यांचा हात धरून काहीतरी म्हटलं. भाषांतर करायला स्वरूपा तोंड उघडत होती, पण अहिल्याबाईंनी हातानंच राहू दे म्हटलं. त्यांनी टोपी घातली, मोजे घातले. रताळं उकडलं, नाचणी भाजली. एकेक जिन्नस त्या घालायच्या आधी सुनेला दाखवत होत्या, आणि सून मान हलवत होती. लाडू वळला. अंगठा सवयीनं लाडवावर गेला, तिथं हलकेच दाबला गेला आणि थांबला. चिमटीत काही नव्हतं. लाडवावर नुसता खळगा उमटला, बेदाण्याएवढा.

"हे काय?" स्वरूपानं विचारलं.

"भुंडा नको ना दिसायला."

स्वरूपानं लाडू हातात घेऊन फिरवून बघितला. "सगळ्यांवर करा," ती म्हणाली. मोरिट्झनं खळग्यासकट लाडू खाल्ला आणि वाटी ढकलत अहिल्याबाईंच्या पायाशी आणली.

तपासणी झाली, आणि ख्रिसमसच्या थोडे दिवस आधी दुकान पुन्हा उघडलं. सगळं बुडालं नव्हतं. डार्मश्टाटच्या बाईनं सांगून ठेवल्याप्रमाणं पहिली मागणी टाकली होती. अहिल्याबाईंचा परतीचा दिवसही जवळ आला होता. आदल्या दुपारी स्वरूपा लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. "आई, फोटोखाली मोतीची गोष्ट घालायचीय. तुमच्या तोंडून सांगा, मी जर्मनमध्ये करते."

अहिल्याबाईंनी सुरुवात केली. शेड, जाळ्या, वास, निवडणीच्या बायका. मूठभर बेदाणा. धावत आलेले वासुदेवराव, हातावरचा फटका. "आणि ओरडले, मरेल तो..." लोक हसायचे ती जागा आली आणि त्या थांबल्या. कपाळाला हात लावायला उचललेला हात मांडीवर परत आला.

"पुढं?" स्वरूपानं हळूच विचारलं.

"पुढं काय? खरं सांगत होते ते. मी चाळीस वर्षं त्यांना चिक्कू म्हणून सगळ्या गावाला हसवलं, आणि माझ्या शेजारी बसून तेही हसले. एकदा सांगायचं नीट! मी ऐकलं असतं का, हा प्रश्नच आहे म्हणा."

स्वरूपाची बोटं थांबली होती.

"ह्यातलं काही लिहू नकोस," अहिल्याबाई म्हणाल्या. "एवढंच लिही. मोती चौदा वर्षं जगला. ह्यांनी जगवला."